आडात पडलेला आवाज

माझा आवाज मोठा होता. पेठ वडगावात आमच्या गल्लीच्या या टोकाला मी कांदा मागितला, की त्या टोकाची बाई कांदा घेऊन दारात उभी, असं माझे वडील सांगतात आणि त्यात फार खोटं नाही. मोठ्या आवाजाच्या माणसाला गप्प बसवत नाही, हेही खरं. कुणी हाक मारली की माझी ओ तयार. कुणी टोमणा मारला की माझं उत्तर त्याचं वाक्य संपायच्या आत निघालेलं. "जरा दम धर, इचार कर आणि मग बोल," असं सगळे सांगून थकले. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत, एका पिठाच्या गिरणीमागं तानाबाई राहतात. जगाला त्या पाणाडी म्हणून माहीत आहेत. शेतात अनवाणी चालून त्या बोअर कुठं मारायची ते सांगतात आणि त्यांनी दाखवलेल्या जागी पाणी लागतंच. बाकीची विद्या त्या दोघींनाच शिकवतात, मला आणि कुरुंदवाडच्या प्रियदर्शनीला. आम्ही दोघी सातवीत, एकाच शाळेत, आणि राहायला तानाबाईंकडंच. घरच्यांना एवढंच ठाऊक, की पोरगी शहरातल्या चांगल्या शाळेत जाते आणि एका कडक बाईंच्या नजरेखाली आहे. तानाबाई आपल्या घराला तालीम म्हणतात आणि आम्ही त्यांना वस्ताद म्हणतो. याला कुणी हसत नाही. त्यांच्यासमोर हसायची कुणाची टाप नाही.

वर्षभरात आम्ही तांब्यातलं पाणी काठावर चढवायला शिकलो, पेल्याला हात न लावता त्यातून कोण प्यालं ते ओळखायला शिकलो. दर्शूच्या, म्हणजे प्रियदर्शनीच्या, तळहातावर पाणी लिंबाएवढा गोळा होऊन गुमान बसतं. माझ्या हातावर बसत नाही, कारण पाण्याला शांतता लागते आणि माझं तोंड चालू असतं.

पण या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्या दिवशी, वस्तादांनी आम्हाला आडाजवळ उभं केलं होतं. तालमीच्या परड्यात एक जुना आड आहे. अरुंद, खोल, वर लाकडी रहाट आणि तोंडाला लोखंडी जाळी.

"पाण्याजवळ असताना हाक आली," वस्ताद म्हणाल्या, "तर आधी तोंड बघायचं, मग ओ द्यायची. जुन्या पाण्यात हाक्या असतोय. त्याला सोताचा आवाज न्हाई. वर कोण बोललं की तेवढंच उचलतोय आणि तसंच म्हणतोय. त्याच्या हाकेला ओ दिली, की आपला आवाज गेलाच. जो ओ देईल त्याचा आवाज हाक मारणाऱ्याच्या गळ्यात जाऊन बसतोय. आणि दिवस मावळला, की बसला तिथंच मुरतोय. मग ब्रह्मदेव आला तरी सुटत न्हाई."

मी तेव्हा फिसकन हसले होते. मला वाटलं, लहान पोरं आडात वाकू नयेत म्हणून सांगतात तसली ती गोष्ट आहे.

एप्रिलातल्या एका रविवारी वस्तादांना गडहिंग्लजकडं पाणी बघायला जायचं होतं. निघताना त्यांनी फळीवरून एक तांब्याची कळशी काढली. तिचं तोंड फडक्यानं बांधलेलं होतं.

"ही सातपदरी फडक्यातनं गाळा," त्या म्हणाल्या. "फडक्यात जे ऱ्हाईल ते उन्हात टाका. कडक वाळू दे. बघत बसायचं न्हाई."

"काय हाय त्यात?" मी विचारलं.

"सांगितलंय तेवढं करा. माझी यष्टी चुकंल."

वस्तादांना प्रश्न विचारला की राग येतो आणि राग आला की त्या आठवडाभर आडाचं पाणी शेंदायला लावतात. म्हणून त्या दिवशी मीसुद्धा पुढं काही विचारलं नाही. नेमकं त्याच दिवशी विचारायला हवं होतं.

दुपारी आम्ही परड्यात बसून कळशी गाळली. पाणी खाली पातेल्यात गेलं आणि फडक्यात एक काळा जीव राहिला. केसासारखा बारीक, बोटभर लांब. त्याला डोळे नव्हते. नुसतं एक तोंड होतं आणि ते उघडत होतं, मिटत होतं. मला ते बघवेना. मी उठले आणि डब्यातला भडंग घ्यायला आत निघाले.

"क्रांती, हे जित्तं हाय की गं," दर्शू म्हणाली.

"मग?"

"मग उन्हात कसं टाकू?"

इथं दर्शूच्या घरचं थोडं सांगायला हवं. ती जैनांची. त्यांच्याकडं पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लागत नाही आणि गाळून झालं म्हणजे काम संपत नाही. फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं हलक्या हातानं धुवायचं आणि ते पाणी ज्या विहिरीचं तिथंच परत सोडायचं. तेही वरून भसकन ओतायचं नाही. भांडं खाली पाण्याला टेकवायचं आणि अलगद कलतं करायचं. त्या फडक्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते आपापल्या घरी गेले पाहिजेत. दर्शू हे अगदी लहान असल्यापासून आईबरोबर करते. तिचा हात दुसरं काही करायला वळतच नाही. आणि इथं तर जीव डोळ्यांना दिसत होता.

"कळशीत पाणी कुठलं होतं?" तिनं विचारलं.

"आपल्या आडाचंच असंल की," मी म्हटलं. मला काहीएक माहीत नव्हतं. पण विचारलं की उत्तर द्यायचं, ही माझी खोड.

मी आत भडंग शोधत होते तेव्हा बाहेर रहाट करकरला. दर्शूनं आडावरची जाळी बाजूला केली होती आणि फडकं धुतलेलं पाणी पोहऱ्यातून खाली सोडत होती. "जा बाळा, आपल्या घरी जा," असं तिचं हळू बोलणं मला ऐकू आलं. मग तिनं हाक मारली, "क्रांती, दोर धर की जरा."

"आलो!" मी म्हटलं. भडंगाच्या डब्याचं झाकण निघत नव्हतं.

"क्रांती," पुन्हा हाक आली.

"आलो की गं! किती बोंब..."

पुढचं अक्षर बाहेर आलंच नाही. थंडगार खडा गिळावा तसं काहीतरी घशातून खाली गेलं आणि घसा मोकळा झाला. भयंकर मोकळा. मी उरलेलं "लतीस" म्हणायला गेले, नुसती हवा आली. खाकरून बघितलं, खाकरल्याचाही आवाज नाही. डबा हातातून पडला, भडंग घरभर झाला. डब्याचा आवाज आला, माझा नाही आला.

मी धावत परड्यात गेले. दर्शू दोर हातात धरून माझ्याकडं बघत होती. माझं उघडं तोंड बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"मी एकदाच हाक मारली," ती म्हणाली.

तेवढ्यात आडातून आवाज आला. "आलो की गं," आड म्हणाला. माझ्या आवाजात. जसाच्या तसा, वडगावच्या गल्लीत घुमणारा, जरा बसका, जरा भांडखोर. मग ते खाली नव्या शिट्टीशी खेळणाऱ्या पोरासारखं खेळायला लागलं. "क्रांती. क्रांते. ए क्रांते!" माझाच आवाज मला हाक मारत होता आणि मी भरदुपारी, डोक्यावर ऊन असताना, गारठून उभी होते. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि भीती वाटली की माणूस ओरडतो, तर मला ओरडताही येत नव्हतं. ती भीती बाहेर पडायला वाटच नव्हती.

दर्शूच्या हातून दोर सुटला. "हाक्या," ती पुटपुटली. "अगं आई, हाक्या होता तो."

मी मातीत बसून बोटानं लिहिलं: वस्ताद.

तिनं आत जाऊन फोन लावला. फोन बंद. पाणी बघताना वस्ताद अंगावर लोखंडाचा तुकडासुद्धा ठेवत नाहीत, फोन कुठला ठेवणार? आणि गडहिंग्लजहून त्या परत यायच्या म्हणजे अंधार पडणार. दिवस मावळला की मुरतो. तो धडा मी हसण्यावारी नेला होता, पण त्यातला शब्दन्‌शब्द आता मला आठवत होता.

आम्हाला एकाच गोष्टीचा आधार होता. गिरणी चालू होती आणि तिच्या घरघरीत आडाची बडबड कुंपणापलीकडं जात नव्हती. पण आमचं नशीब एवढं कुठलं? लाईट गेली. गिरणी घरघरत थांबली आणि सगळी पेठ एकदम शांत झाली.

आडालाही ते कळलं. "हंबीरमामा!" तो माझ्या आवाजात ओरडला. "ओ हंबीरमामा!"

हंबीरराव गिरणीवाले. मी रोज त्यांच्याशी भिंतीवरून गप्पा मारते. भिंतीपलीकडं त्यांच्या चपला वाजल्या, घसा खाकरल्याचा आवाज आला. आता ते "काय गं" म्हणणार होते. मी भिंतीकडं धावले, हात हलवले, पण भिंत माझ्या डोक्यापेक्षा उंच. तेव्हा दर्शूनं, जिच्या हातून वर्षात एक वाटी पडली नाही त्या दर्शूनं, पितळी घागर उचलली आणि फरशीवर आपटली. पेठभर खणखणाट झाला.

"आयला, काय पाडलंसा गं?" हंबीरराव दचकून म्हणाले. हाकेची ओ हाकेपाशीच राहिली.

"मामा," दर्शू भिंतीजवळ जाऊन म्हणाली, "क्रांती हाका मारंल, तिला ओ देऊ नका. आमचा खेळ चाललाय."

"मारू दे की. लाईट यायला टाइम हाय, मी चाललो च्या प्यायला." त्यांची मोटारसायकल फटफटत निघून गेली.

दर्शू भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. "माझ्यामुळं झालं," ती म्हणत होती. "मी त्येला घरी पाठवलं असं मला वाटलं गं." मला सांगायचं होतं, की अगं, आडाचं पाणी म्हणून मीच ठोकून दिलं. मी तिचा हात धरला, तेवढंच जमलं. तिचा हात माझ्यापेक्षा गार होता.

ऊन भिंतीवरून सरकत गिरणीच्या पत्र्यावर गेलं. आड बोलतच होता. आता त्याला शब्द जुळवता यायला लागले होते. "भ्यालीस व्हय?" तो विचारायचा आणि माझ्यासारखा खदाखदा हसायचा. मी अशी हसते हे मला माहीत नव्हतं. मी असं आडाला टेकून हसले असते तर माझ्यापासूनच लोक पळाले असते.

एकाएकी दर्शूनं डोळे पुसले. "जो ओ देईल त्याचा आवाज हाक मारणाऱ्याकडं," ती म्हणाली. "वस्ताद असंच म्हणाल्या न्हवं? माणसानं ओ दिली तर, असं न्हाई म्हणाल्या. जो देईल तो. मग आपण हाक मारायची आणि त्येनं ओ द्यायची."

मी मान हलवली. पण तो कशाला ओ देईल? मागणं हाच त्याचा धंदा.

दर्शू आडावर वाकली. मी तिचा फ्रॉक मागून घट्ट धरला. "हाक्या!" ती म्हणाली आणि लगेच रुमालाचा बोळा करून तोंडात कोंबला, चुकूनसुद्धा उत्तर जाऊ नये म्हणून. खाली शांतता. "क्रांती!" ती म्हणाली. पुन्हा बोळा. खालून नुसतं हसू आलं, आणि मग माझा आवाज एकदम मऊ होऊन म्हणाला, "दर्शू, आणि जरा वाक की. तुला एक सांगतो." मी दर्शूला फ्रॉक धरून मागं ओढलं. पण ती मागं हटली नाही.

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. मग तोंडातला बोळा काढून म्हणाली, "क्रांती, रागवू नको. त्येनं तुझा आवाज घेतलाय म्हंजे तुझी जीभपण घेतली असणार."

मला कळेना. ती आडावर वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "वडगावची पोरं कबड्डीत रडी खेळत्यात."

हसू थांबलं. खाली पाणी डचमळलं.

"वडगावच्या बाजारात सडकी वांगी असत्यात."

आडातून एक हुंकार आला. माझा हुंकार. मी तो ओळखला, कारण त्याच वेळी माझ्याही नाकातून तशीच हवा निघाली होती. तिनं काय चालवलंय ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आता एकच हाक राहिली होती. शाळेतल्या पोरी मला एक नाव ठेवतात आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. दर्शूनं आजवर ते एकदाही उच्चारलं नव्हतं. ती माझी मैत्रीण आहे.

तिनं श्वास घेतला आणि जन्मात ओरडली नव्हती एवढ्या मोठ्यानं ओरडली, "ए भोंगा!"

"कोण गं मला भोंगा म्हणतंय!" आड कडाडला. माझे मुके ओठसुद्धा त्याच क्षणी तेच शब्द बोलले.

दिली. त्यानं ओ दिली.

दर्शू एकदम मागं कोलमडली, माझ्या अंगावर पडली. दोन्ही हातांनी गळा धरून ती खोकली, पुन्हा पुन्हा खोकली. आडात चिडीचूप. मग तिनं तोंड उघडलं आणि त्यातून माझा आवाज आला. "क्रांते, आला! हितं हाय, माझ्या गळ्यात हाय!" हे बोलता बोलता मध्येच तिचा स्वतःचा बारीक आवाज आला, मग पुन्हा माझा. दोन्ही एकमेकांत अडकत होते.

मी आनंदानं उडी मारली आणि उडी पुरी व्हायच्या आत माझ्या ध्यानात आलं. आवाज दर्शूच्या गळ्यात. तो माझ्याकडं यायचा तर मी हाक मारायची आणि तिनं ओ द्यायची. मी हाक कशानं मारू?

मी टाळ्या वाजवल्या. दर्शू म्हणाली, "काय?" काही झालं नाही. टाळी म्हणजे हाक नव्हे. दगडानं फरशी बडवली. काही नाही. गिरणीच्या पत्र्यावर आता ऊन दोरीएवढं उरलं होतं. मी हात जोडले, नाचले, तोंडानं तिचं नाव घेतलं, आणि एवढं करून मी रडायला लागले, तेही बिनआवाजाचं. माझ्या आईनं मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेला आवाज, शाळेत बाईंनी बाहेर उभं केलेला आवाज, तो आता माझ्यासमोर दुसरीच्या गळ्यात मुरणार होता.

पलीकडच्या गल्लीत खरी तालीम आहे, लाल मातीची. संध्याकाळची पोरं मेहनतीला उतरली होती. तिकडून आवाज आला, फट्. कुणीतरी मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला होता. आणि लगेच समोरून दुसरा, फट्.

कोल्हापुरात जन्मलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. शड्डू म्हणजे हाकच. ये म्हणून मारलेली हाक. आणि तिला उत्तर न देता मागं फिरायचं नसतं.

मी गुडघ्यात वाकले, दर्शूच्या डोळ्यांत बघितलं आणि मांडीवर हात मारला. फुसका निघाला. दुसऱ्यांदा मारला. मांडी चुरचुरली आणि परडं दणाणलं.

दर्शूला कळलं. तिनं हात वर करून मला थांबवलं आणि डोळे मिटले. ती गळ्यात माझा आवाज शोधत होती. ओ द्यायची ती त्याच आवाजात, नाहीतर भलताच जायचा. तिच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती.

तेव्हा रहाट फिरला. कुणी हात न लावता, उलटा. दोर ताणला आणि करकरायला लागला. दर्शूच्या पाठीमागं, आडाच्या काठावर, काहीतरी काळं चढून आलं. दुपारी ते केसाएवढं होतं, आता मनगटाएवढं झालं होतं. डोळे नव्हतेच. तोंड मात्र तेच, उघडत, मिटत. आवाज काढून घेतला होता ना आम्ही त्याचा. तो परत घ्यायला ते आलं होतं.

मी तिसरा शड्डू ठोकला. मला तिला सावध करायचं होतं, दुसरं काही माझ्याकडं नव्हतंच. दर्शूनं डोळे उघडले, माझी नजर कुठं आहे ते बघितलं आणि मागं वळली.

"ओ!" ती किंचाळली. "ओ! ओ!"

माणूस खरंच घाबरतो तेव्हा त्याचा आपलाच आवाज बाहेर येतो. तिचा तिचाच आला.

माझ्या घशात काहीतरी उतरलं. यावेळी थंड नव्हतं, कोमट होतं. मी त्याचा विचार करत थांबले नाही. आडाची जाळी उचलली आणि त्या तोंडावर घातली, वर सगळं अंग टाकलं. खालून दोन धक्के बसले. मग खोल कुठंतरी डुबुक झालं आणि दोर सैल पडला. दर्शूनं पाटा ओढत आणला, आम्ही दोघींनी तो जाळीवर लोटला.

"पुन्हा," मी म्हटलं. "दर्शू, पुन्हा! लगेच!"

हे मी म्हटलं, पण बारीक, गोड, कुरुंदवाडच्या पोरीच्या आवाजात. दर्शू माझ्याकडं बघत राहिली. तिनं हाक मारायला तोंड उघडलं. गिरणीचा पत्रा राखाडी झाला होता. ऊन गेलं होतं.

"क्रांती!" तिनं हाक मारली, माझ्या दणदणीत आवाजात.

"ओ," मी म्हटलं.

काही हललं नाही. आम्ही किती वेळा हाका मारल्या आणि किती वेळा ओ दिली, कोण जाणे. दोघींचे घसे बसले. बसले ते सुद्धा अदलाबदलीनं.

लाईट आली. आत फरशीवर फोन वाजत होता. आम्ही भडंग तुडवत आत गेलो. फोनवर माझ्या आईचं नाव होतं. मी उचलला.

"कोण, दर्शनी व्हय?" आई म्हणाली. "बाळ, क्रांतीला दे की जरा."

"आई, मीच हाय."

"चेष्टा करू नको गं बाळ. सकाळपास्नं जीव खालीवर हुतोय माझा. कुठं गेलीया ती? बरी हाय न्हवं?"

मी पुन्हा "आई" म्हटलं. तो शब्द कुणाच्याही पोरीनं म्हणावा तसा निघाला. आईचा आवाज चढायला लागला, ती घाबरायला लागली. म्हणून मी फोन दर्शूच्या कानाला लावला.

"काय गं आई," ती म्हणाली.

पलीकडं आई मोठ्यानं श्वास सोडून हसली. मला ते लांबूनही ऐकू आलं. "भवाने, कुठं उलथली हुतीस? तुझा आवाज कानावर पडला, आता जिवात जीव आला बघ. जेवलीस?"

दर्शूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"जेवलो," ती म्हणाली.

आई बोलत राहिली. म्हशीचं, वडिलांच्या गुडघ्याचं, चुलतभावाच्या लग्नाचं. दर्शू माझ्या आवाजात हं हं म्हणत होती आणि मी फोनला दुसऱ्या बाजूनं कान लावून उभी होते. आमच्या दोघींचे गाल एकमेकींना चिकटले होते. मग आईनं काहीतरी विचारलं, दर्शू "व्हय" म्हणाली आणि फोन बंद झाला.

"आईनं शनिवारी घरी बोलावलंय," दर्शू म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "मी व्हय म्हटलं. आता कोण जाणार? तू का मी?"

"दोघी," मी म्हटलं.

"आं?"

इतकं हळू निघालं होतं, की माझ्या गालाला गाल लावून उभ्या असलेल्या पोरीला ते ऐकू गेलं नव्हतं. मला पुन्हा म्हणावं लागलं.